आधी उकिरडा हलवा

हापशाच्या कट्ट्यापासून माझ्या चुलतभावाचा उकिरडा सोळा पावलांवर आहे. मी ती दोनदा मोजली आहेत. एकदा चपला घालून आणि एकदा चिखलामुळे चपला हातात घेऊन. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की त्या उकिरड्याच्या बुडातून चहाच्या रंगाचे पाणी पाझरायला लागते. आधी ते बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत साठते, मग हापशाच्या कट्ट्याला वळसा घालते आणि कट्ट्याला जिथे तडा गेला आहे तिथून गुपचूप खाली उतरते. खाली उतरून ते कुठे जात असेल, असे मी गेल्या वर्षी ग्रामसभेत विचारले. हशा पिकला. एक जाणता माणूस उठला आणि लहान पोराला समजावल्यासारखा म्हणाला, "गुरुजी, गाईचं शेण आहे ते. गटार नाही."

टाळ्या पडल्या. पुढचा विषय देवळाच्या सभामंडपाच्या फरशीचा होता, तो दीड तास चालला.

मला त्या वाक्याचे उत्तर तिथल्या तिथे सुचले नाही. मास्तरकीत आयुष्य गेले की माणसाला उत्तरे घरी गेल्यावर सुचतात. आता सुचले आहे ते सगळे लिहून काढतो.

आधी एक सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मला नाकाला रुमाल लावणारा पाहुणा समजणार नाही. शेण मला परके नाही. लहानपणी सकाळी एक पाटी डोक्यावर आणि दुसरी दप्तरात, असा माझा दिवस सुरू व्हायचा. डोक्यावरची उकिरड्यावर रिकामी केली की दप्तरातली शाळेत न्यायची. आईने सारवलेल्या ओट्यावर उमटलेली तिच्या बोटांची अर्धवर्तुळे मला अजून डोळे मिटून दिसतात. ओल्या सारवणाचा वास मला आजही आवडतो. शेणखताशिवाय जमीन उभी राहत नाही हेही मी जाणतो. आमच्या तुकड्यात रासायनिक खताच्या गोण्या ओतून जमीन कशी कडक होते ते पाहिले आहे. शेणाशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते शेणाची आरती करून ते आडाशेजारी टाकणाऱ्यांशी.

शेणाला पवित्र म्हणण्यात फार मोठी सोय आहे. पवित्र वस्तूची विल्हेवाट लावावी लागत नाही. घाण म्हटली की प्रश्न येतात. कोणाची, किती, कुठे टाकायची, कोण उचलणार, पैसे कोण देणार? पवित्र म्हटले की हात जोडायचे आणि पुढे जायचे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल मिळून सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी ५६ लाख निघाल्या. जनावरामागे दिवसाला १० किलोच शेण धरा, दावणीची संकरित गाय त्याहून कितीतरी जास्त टाकते ते सोडून द्या, तरी या राज्यात रोज २ लाख टनांच्या घरात शेण पडते. याच जनावरांचे दूध आपण कसे मोजतो? डेअरीच्या काट्यावर थेंबाथेंबाचा हिशेब, फॅट किती, एसएनएफ किती, डिग्री किती लागली, पॉइंट कमी पडला तर रुपये किती कापले, सगळे दोन वेळ, चिठ्ठीसकट. त्याच जनावराच्या मागच्या बाजूने जे पडते त्याची नोंद आमच्या पंचायतीच्या कुठल्याही वहीत नाही. दूध व्यवसाय आहे, शेण श्रद्धा आहे.

आता श्रद्धा बाजूला ठेवून शेण म्हणजे काय ते पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या आतड्यातून बाहेर पडलेले ते द्रव्य आहे आणि कुठल्याही आतड्यात असतात तसे त्यात जंतू असतात. बहुतेक निरुपद्रवी. काही मात्र असे, की जनावराला त्यांचा पत्ताही नसतो आणि माणसाला आडवा करतात. ई. कोलाय या जंतूचा ओ१५७ नावाचा एक प्रकार आहे. तो गाईच्या पोटात भाडेकरूसारखा निवांत राहतो. गाय चारा खाते, दूध देते, तिला काही होत नाही. तोच माणसाच्या पोटात गेला की रक्ताची हगवण लागते आणि लहान मुलांची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्यामुळे "आमची गाय ठणठणीत आहे" हा युक्तिवाद इथे फुकट आहे. गाय ठणठणीत असते, तिच्या शेजारचे पोर नसते.

कॅनडात ऑन्टारियो प्रांतात वॉकरटन नावाचे गाव आहे. वस्ती पाचएक हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या बाजाराच्या गावाएवढी. मे २०००मध्ये तिथे जोरदार पाऊस झाला. गावाच्या पाणीपुरवठ्याची एक विहीर उथळ होती आणि जवळच्या शेतात गुरांचे खत टाकलेले होते. पावसाने ते जमिनीत जिरवत विहिरीत नेले. त्यात हा ओ१५७ होता आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाचा त्याचा जोडीदारही होता. २,३००च्या आसपास माणसे आजारी पडली, ७ मेली. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांची चौकशी बसली. चौकशीने शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याने खत रीतीप्रमाणेच टाकले होते. दोष निघाला तो पाणी सोडणाऱ्यांचा. क्लोरीन पुरेसे घालत नव्हते आणि तपासणी न करताच वहीत क्लोरीनचे आकडे भरत होते.

ही हकिगत मी एका तरुण ग्रामपंचायत सदस्याला सांगितली. तो म्हणाला, "बघा, तिकडंपण खोट्या नोंदी करतात." बरोबर आहे बाबा. पण खोटी नोंद करायलासुद्धा आधी वही लागते. आपल्याकडे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरची, म्हणजे टीसीएलची, गोणी पंचायतीच्या कोपऱ्यात दगड होऊन पडलेली असते. जलसुरक्षक नावाचा माणूस नेमलेला असतो, त्याचे मानधन थकलेले असते, आणि पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टची बाटली कुठे आहे असे विचारले की तो तुमच्याकडेच बघतो. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि त्यावरून पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आमच्या पंचायतीचे हिरवे कार्ड चौकटीत घालून भिंतीवर टांगले आहे. हापशाचा तडा त्या भिंतीवरून दिसत नाही.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांना आता ओळखीचे असायला हवे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात धडधाकट माणसांच्या हातापायांतले बळ एकाएकी गेले. गुलेन बारी सिंड्रोम हा शब्द घरोघरी पोचला. रुग्ण २००च्या वर गेले, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला. त्याचे नैसर्गिक घर म्हणजे कोंबड्यांची आणि गुरांची आतडी. मग पाण्याकडे बोट दाखवून झाले, कोंबड्यांकडे दाखवून झाले आणि माझ्या कानावर आलेल्या चर्चेतला निम्मा वेळ चिकन खावे की न खावे यात गेला. अहो, आपल्याकडे चिकन तासभर रटरटते! त्या रश्श्यात जंतू काय, त्याचे नाव उरत नाही. जे शिजत नाही ते पाणी. खुराड्यातून निघणारे कोंबडखत कुठे जाते, त्याचे ढीग कोणत्या ओढ्याच्या काठावर लागतात, पावसात ते कुठे उतरतात, हे विचारायला हवे होते. विचारले गेले तेही चार दिवस, मग मागे पडले.

आता घरातली गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत वहिनीला ताप यायला लागला. दिवसा बरी असायची, दिवे लागायच्या सुमाराला अंगात कापरे भरायचे आणि रात्री घामाने गोधडी भिजायची. कंबर धरली, गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून इंजेक्शने दिली. तालुक्याच्या दवाखान्यात टीबीचा संशय आला, थुंकी तपासली, काही निघाले नाही. दिरांनी देवऋषी केला. एका शहाण्याने सांगितले की बाईच्या जातीला कामाचा कंटाळा आला की असा ताप येतो. चार महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरिणीने तिला पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला: "मावशी, घरी जनावरं आहेत का? एवढ्यात कोणती गाय गाभडली का?"

गाभडली होती. सातव्या महिन्यात. वासरू मेलेले पडले आणि वार अडकली. वहिनीने हात घालून ती ओढून काढली, उघड्या हाताने, कारण घरात रबरी हातमोजा नव्हता आणि असता तरी "आपल्याच गाईला काय हातमोजा?" असे तिनेच म्हटले असते. वार आणि वासरू उकिरड्यावर टाकले. रात्री कुत्र्यांनी ते गल्लीभर ओढले. सकाळी वहिनीने नेहमीसारखे त्याच उकिरड्यावरचे शेण कालवून गोवऱ्या थापल्या; हाताला भेगा होत्या, त्यांना कोण विचारतो.

रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. गुरांच्या डॉक्टरांच्या मराठीत सांसर्गिक गर्भपात. गाभडलेल्या गाईची वार, तिचे स्राव, त्यांनी भिजलेले शेण आणि गवत यांत हे जंतू कोटींनी असतात आणि ओल्या, गार सावलीत महिनोनमहिने तग धरतात. कातडीवरच्या चिरेतून, डोळ्यातून, श्वासातून, कच्च्या दुधातून ते माणसात शिरतात. माणसासाठी लस नाही. वासरांसाठी आहे, चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदा टोचायची. २०१९च्या सप्टेंबरात केंद्राने ती देशभर टोचण्याचा कार्यक्रमही सुरू केला. आमच्या चुलतभावाच्या गोठ्यात ती टोचली गेली नव्हती. वहिनीला सहा आठवडे दोन-दोन औषधांच्या गोळ्या खाव्या लागल्या. ती उठली. पण आजही पावसाळी हवेत कंबरेला हात लावून बसते आणि मला म्हणते, "भाऊजी, गाईनं असं का करावं हो?" गाईने काही केले नाही, वहिनी. वार पुरायला खोल खड्डा आणि चुना लागतो, तो आम्ही दिला नाही.

जो माणूस शेणाचे गुणगान करतो तो सहसा ते उचलत नाही. हे मी साठ वर्षे पाहतो आहे. गोठा लोटणारी बाई, पाटी उचलणारी बाई, शेण तुडवणारी बाई, गोवरी थापणारी बाई, आणि त्या गोवरीच्या धुरात डोळे चोळत भाकरी करणारीही तीच. गॅसची टाकी उज्ज्वला योजनेतून आली, पण भरून आणायला पैसे नाहीत म्हणून तिच्यावर पिठाचा डबा ठेवलेला असतो. शेणाचा धूर सरपणाच्या धुराइतकाच, किंबहुना जास्तच, छातीत जाऊन बसतो. माझी आई विडी ओढत नव्हती. तिचा खोकला मात्र विडी ओढणाऱ्याचा होता. व्यासपीठावरच्या एकाही गोभक्ताच्या तळहाताला मी शेणाने पडलेल्या भेगा पाहिलेल्या नाहीत.

आणि व्यासपीठे तरी किती! एका सरकारी आयोगाच्या अध्यक्षांनी २०२०मध्ये मोबाइलला लावायची शेणाची चकती दाखवली आणि तिने किरणोत्सार कमी होतो असे सांगितले. शेजारच्या गुजरातेत एका न्यायालयाच्या निकालपत्रात शेणाने सारवलेल्या घरांवर अणुकिरणांचा परिणाम होत नाही असे लिहिले गेले. २०२१मध्ये शेणाचा रंग बाजारात आला, केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते. त्याच वर्षी कोरोनाच्या लाटेत काही मंडळी प्रतिकारशक्तीसाठी गोशाळेत जाऊन अंगाला शेण फासत बसली. डॉक्टरांनी हात जोडून सांगितले की याने कोरोना जात नाही, उलट दुसरे रोग येतील. गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर म्युकर जातीच्या बुरशा आनंदाने वाढतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसने माणसांचे डोळे काढावे लागत होते. या दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही. पण ज्या समाजाला बुरशीची एवढी दहशत बसली होती, त्याने शेणाचा लेप अंगावर घ्यावा, हा विनोद मला सुचला नसता.

आपल्या राज्याने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. गाईला चारा मिळत असेल तर माझी हरकत नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की त्या निर्णयाच्या दिवशी या मातेच्या शेणामुताचे काय करायचे याबद्दल कोणी एक ओळ लिहिली का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुग्धव्यवसाय आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. गोठा वस्तीपासून, शाळा-दवाखान्यांपासून, नदी-तलावापासून दूर हवा, शेणाचे पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडायचे नाही, हे सगळे त्यात आहे. मी आमच्या तालुक्यातल्या चार दुधवाल्यांना त्याबद्दल विचारले. तिघांनी ऐकलेच नव्हते. चौथा म्हणाला, "असेल, पण ते शहरातल्या तबेल्यांसाठी."

शेण माणूस मारते म्हटले की लोकांना अतिशयोक्ती वाटते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात वाकडी गाव आहे. ९ एप्रिल २०२४. गुढीपाडवा. शेणाच्या स्लरीसाठी वापरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला. मग तिसरा. असे करत पाच माणसे गेली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोरी बांधली होती. त्याआधी वर्षभर, मार्च २०२३मध्ये, बारामतीजवळ खांडजला जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत असेच चार जण गेले होते. बारामती म्हणजे दुधाचा आणि सहकाराचा तालुका. तिथे ही गत, तर बाकीच्यांनी काय बोलावे.

यात दैवगती काही नाही. शेण हवेशिवाय सडले की मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात बसून राहतो. वर साय धरलेली असते तोवर बराचसा आत अडकलेला असतो. काठी घातली, पाय पडला, की भसकन सुटतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर पहिल्या श्वासातच नाकाची वास घेण्याची ताकद मरते. वास गेला म्हणजे गॅस गेला असे वाटते आणि दोन-तीन श्वासांत माणूस कोसळतो. वरच्याला वाटते पाय घसरला. तो उतरतो. शेण पडले की माती घेऊन उठते, अशी आपली म्हण आहे. या खड्ड्यांतून ते घरेच्या घरे घेऊन उठते. गोबरगॅसचे अनुदान देणाऱ्या खात्याने प्रत्येक संयंत्रावर "आत उतरू नका, उतरलेल्याला काढायला तर अजिबात उतरू नका" एवढी एक पाटी लावायला किती खर्च येतो? दोनशे रुपये? उद्घाटनाच्या कोनशिलेला याहून जास्त येतो.

थोडे मागे जाऊ. माझ्या आजीला अकरा मुले झाली, सहा वाचली. गेलेल्यांपैकी तीन आठवड्या-दहा दिवसांची होऊन गेली. घरात म्हणत, सटवाईने नेली. पाचवीला सटवाई कपाळावर लिहायला येते, तिचे लिहिणे कोणाला पुसता येत नाही. नाळ कापली विळ्याने आणि त्यावर लावली शेणाची राख, कधी नुसते शेण. धनुर्वाताचे जंतू गुराघोड्यांच्या आतड्यात असतात आणि त्यांचे बीजाणू शेणात, मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणजे सटवाई पाचवीला यायच्या आधीच कोणीतरी लिहून गेलेले असायचे. पुढे गरोदर बायांना धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात व्हायला लागली आणि २०१५मध्ये भारताने नवजात धनुर्वात आटोक्यात आणल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्यासाठी आरोग्यसेविका, दाया, आशाताई दारोदार फिरल्या. नाळेवर शेण लावू नका, हे त्यांना दोन पिढ्या सांगावे लागले. त्यांना तेव्हा कोणी धर्मद्रोही म्हटले नाही. आज म्हटले असते, याची मला खात्री आहे.

शहरातल्या वाचकाला एव्हाना वाटले असेल की हे खेडवळांचे दुखणे आहे. थांबा, तुमच्याकडेच येतो. सोसायटीच्या दारात शनिवारी भाजीचा टेंपो उभा राहतो. "देशी गाईच्या शेणावर, विषमुक्त." पालक, कोथिंबीर, लेट्यूस. तुम्ही दुप्पट पैसे देता आणि विषमुक्त आहे म्हणून एकदाच विसळून कोशिंबिरीत घालता. या भाजीला घालतात ते जीवामृत कसे करतात माहीत आहे? २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. मग दोन-तीन दिवस ढवळत मुरवायचे. ही जंतू वाढवण्याचीच कृती आहे आणि जमिनीसाठी कोणी ती करत असेल तर खुशाल करावी. पण त्यात कोणते जंतू वाढावेत हे गूळ ठरवत नाही. तेच पाणी काढणीच्या चार दिवस आधी पालेभाजीवर फवारले, की ते तुमच्या ताटापर्यंत कच्चे येते. अमेरिकेत २००६ साली पिशवीबंद पालकातून हाच ओ१५७ पसरला आणि दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. त्यांचा तर सेंद्रिय शेतीचा नियमच आहे: कच्चे शेण घातले तर मातीला टेकणारे पीक १२० दिवस काढायचे नाही. आपल्याकडे १२० दिवसांत पालकाच्या तीन काढण्या होतात.

आणि "विषमुक्त" या शब्दाबद्दल एक. गाईला दगडी झाली की, म्हणजे कास सुजली की, प्रतिजैविकाची इंजेक्शने मारली जातात, बहुतेक वेळा कोणाच्या चिठ्ठीशिवाय. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा मोठा हिस्सा जनावराच्या अंगात न मोडता तसाच शेणामुतातून बाहेर पडतो. औषध चालू असताना दूध डेअरीला घालू नये एवढे तरी पाकिटावर लिहिलेले असते. शेणाबद्दल काहीच नसते. ते उकिरड्यावर जाते, तिथल्या जंतूंना औषधाची सवय लागते, खतातून ती सवय शेतात जाते. माणसांच्या रुग्णालयात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन आपण कोंबड्यांना वजन वाढवायला चारत होतो. २०१९च्या जुलैत त्यावर बंदी आली. बंदीआधी ज्या कोंबड्यांना ते चारले त्यांची विष्ठाही खत म्हणूनच शेतात गेली.

बरे, उपाय अवघड आहे का? चंद्रावर जायचे आहे का? यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांड्यांनी, लोक त्यांना नाडेपकाका म्हणत, थोड्या शेणात पालापाचोळा आणि माती थरांनी भरून खत करण्याची पद्धत बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीला हवेसाठी भोके ठेवलेले विटांचे टाके. तीन-चार महिन्यांत खत तयार. रोजगार हमीतून अशी टाकी बांधूनही मिळतात. ढीग नीट लावला, ओल राखली, वरचेवर उलथला, तर आतून ५५ अंशांच्या वर तापतो. हात घालून बघा, चटका बसतो. पंधरा दिवस ती धग राहिली आणि तेवढ्यात चार-पाच वेळा ढीग वरखाली केला, की ज्यांची नावे मी वर घेतली त्यातले बहुतेक जंतू मरतात. धनुर्वाताचे बीजाणू तेवढे चिवट. त्यांच्यासाठी लस आहे आणि पायात बूट आहेत. आमच्या गावात नाडेपची अकरा टाकी कागदावर आहेत. मी सहा पाहिली. दोनांत कडबा, एकात कोंबड्या, एकात मोटरसायकल, एकात खरोखरच खत, आणि सहाव्यावर पंचायत सदस्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाळत घातला होता.

चुलतभावावर मी फार तापलो आहे असे वाटेल, म्हणून त्याची बाजूही मांडतो. मी त्याला म्हटले, बाबा, उकिरडा हलव. तो म्हणाला, "दादा, कुठं हलवू? जागा दाखव." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या लहानपणी उकिरडे वेशीबाहेर होते, ओळीने, घरटी एक. त्या जागेवर आता व्यापारी गाळे आहेत. गायरानावर सभागृह झाले, त्याच्या उरलेल्या भागावर कमान झाली. दोन गाई होत्या तिथे आता नऊ आहेत, कारण दोन गाईंवर घर चालत नाही आणि दुधाचा भाव काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठा परसातून अंगणात आला, उकिरडा वेशीबाहेरून हापशापाशी. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमचा चाळीस वर्षांपूर्वी हापशापाशी आला तो अजून जागचा हललेला नाही. पंचायतीकडे कमानीला जागा होती. गावच्या शेणाला नव्हती. ज्या समाजाने शेणाला घरात, देव्हाऱ्यात, दिवाळीच्या वसुबारसेला मान दिला, त्याने गावात त्याला अर्धा एकर दिला नाही.

म्हणून त्या जाणत्या माणसाला माझे उत्तर. होय, ते गाईचे शेण आहे. गटारापेक्षा त्याची जास्त काळजी घ्यायला हवी, कारण गटाराचे पाणी कोणी तीर्थ समजून पीत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय पुन्हा मांडणार आहे. तीनच मागण्या आहेत: गावठाणाबाहेर खतासाठी सामाईक जागा, हापशाच्या कट्ट्याची दुरुस्ती आणि पावसाळाभर रोजची ओटी टेस्ट, वहीत सहीसकट. वहिनी येते म्हणाली आहे; ग्रामसभेला यायची तिची ही पहिली वेळ. तुमच्या गावातही त्या दिवशी ग्रामसभा असेल. जायच्या आधी आपल्या पिण्याच्या पाण्यापासून जवळच्या उकिरड्यापर्यंतची पावले मोजा आणि आकडा सभेत मोठ्याने वाचा.